मँडोलिनला नाडा

आमच्या घरात कुठलीच वस्तू धड बसवलेली नव्हती. सगळं बांधलेलं. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, सुतळी होती. ती आतून खिळ्याला गुंडाळायची आणि आंघोळ होईपर्यंत एक डोळा तिच्यावर ठेवायचा. आईच्या चष्म्याची काडी, स्टोव्हचा पाय, बादलीची कडी, सायकलचं कॅरियर, अण्णांच्या डब्याचं झाकण, ज्याला त्याला नाडे, चिंध्या, सुतळ्या. आणि ते नाडे कधी धुतले जात नसत. त्यांच्यावर साबणाचा, तेलाचा, हातांच्या घामाचा थर बसलेला असायचा, काळा आणि चिकट. सकाळी अर्धवट झोपेत त्याला हात लागला की अंगावर काटा यायचा. मला किळस लवकर येते, लहानपणापासून. आई दातांवर मिश्री घासत दारात बसलेली असली की मी मागच्या बाजूनं घरात शिरायची. ती तोंडातलं काळं थुंकून म्हणायची, "हिला राजवाड्यात जन्माला घालायची ती देवानं चुकून बेलवलीत टाकली."

त्यात गंमत अशी, की आमचे अण्णा फिटर होते. अंबरनाथला एका कंपनीत. तिथे त्यांचा दबदबा होता. त्यांनी कसलेला नट हलला म्हणून कुणी सांगावं, अशी पैज लावायचे. तेच अण्णा घरी आले की शर्ट खुंटीला टांगून, बनियनवर, पोट खाजवत बसायचे आणि काही मोडलं की म्हणायचे, "बघ गं, एखादा नाडा असेल." एक स्क्रू कधी त्यांनी घरात आणला नाही. कंपनीचं कंपनीत राहिलं पाहिजे, असं ते छाती पुढे काढून सांगायचे आणि शेजारचे माना डोलवायचे. अहो, पण बाजारात स्क्रू मिळत नव्हते का? आज विचार केला की वाटतं, तो प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता, आळस होता, आणि त्याला प्रामाणिकपणाचा सदरा घातलेला होता. घरासाठी त्यांच्याकडे एकच औजार होतं, खोबरेल तेलाची बाटली. कुरकुरणाऱ्या दाराला तेल, शिवणयंत्राला तेल, अडकलेल्या कुलपाला तेल, माझ्या डोक्याला तेल. त्या बाटलीच्या तोंडाशी पिवळट थर साचलेला असायचा आणि त्यात हमखास एखादी मुंगी मेलेली असायची.

या घरात मँडोलिन कुठून आलं, ते सांगते. बेलवलीच्या भजनी मंडळाची पेटी बिघडली म्हणून अण्णा ती दुरुस्तीला उल्हासनगरला घेऊन गेले, आणि एक बाजू धरायला मला नेलं. कॅम्पात जुन्या लष्करी बराकी होत्या, त्यातल्या एका बराकीच्या पुढच्या खोलीत गोपीअंकलचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. बाहेरून नाला वाहायचा. त्या नाल्याचं वर्णन मी करणार नाही, कारण मी आत्ताच जेवले आहे. पण उंबरठा ओलांडला की आत वेगळंच जग. फरशी पुसलेली, भिंतीवर औजारं ओळीनं टांगलेली, स्क्रू मापाप्रमाणे डब्यांतून लावलेले. अंकल वाद्याला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि पंच्याला पुसायचे, आणि तो पंचा पांढरा असायचा. मी तो पंचा बघतच राहिले. पेटीला लावलेला सरस सुकेपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी कोपऱ्यातलं मँडोलिन घेतलं आणि दोन मिनिटं वाजवलं. पेरूच्या आकाराचं, चपट्या पाठीचं, आठ तारांचं ते लहानसं वाद्य. मी अण्णांना तिथल्या तिथे सांगितलं, मला हे शिकायचंय. अण्णांना वाटलं चार दिवसांचं खूळ आहे, म्हणून हो म्हणाले.

चार वर्षं शिकले. अंकलकडे दोन मँडोलिनं होती. एकावर ते शिकवायचे. दुसरं, जुनं, त्यांनी सिंधमधून येताना चादरीत गुंडाळून आणलेलं, ते त्यांनी मला घरी सरावाला दिलं होतं. "बेटा, हा विकायचा नाही, फेकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. तुझ्या हातात आहे तवर तू इथे यायचं," असं त्यांचं मराठी. आम्हाला स्वतःचं वाद्य घेणं शक्य नव्हतं आणि अण्णांनी घेतलंही नसतं. म्हणजे ते वाद्य होतं म्हणून माझं शिकणं होतं. ते गेलं की संपलं. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी ते आईच्या मिश्रीपासून आणि अण्णांच्या तेलापासून लांब, माझ्या उशाशी ठेवायची.

मग हिरामणकाका आले. हे बारवी धरणाच्या बाजूच्या एका गावचे. हळदीला वाजवणारी त्यांची पार्टी होती, ढोलकी, क्लॅरिनेट, खुळखुळे. दिवसभर तोंडात तंबाखू आणि बोलताना समोरच्याच्या पायाशी पिंक टाकायची सवय. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की बेलवलीत एक पोरगी मँडोलिन वाजवते. आमच्या ओट्यावर बसून, अंगणात दोनदा थुंकून ते म्हणाले, "आमचे गावान मोठी हळद हाय. नवऱ्याला घेऊन गावदेवीला जायाचा, तवा तू वाजव. पन बसून नाय चालाचा गो. चालत वाजवाचा." बायकामुलींनी वाजवत मिरवणुकीत चालणं तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पण अण्णांना त्यात मान दिसला. पोरीचं नाव होईल, चार गावांत बोलावणी येतील. मलाही मनातून हवंच होतं. खोटं कशाला बोलू.

आतापर्यंत मी मांडी घालून वाजवत होते. उभ्यानं वाजवायचं तर वाद्याला पट्टा हवा आणि पट्टा अडकवायला दोन जागा हव्यात. मी अंकलना सांगितलं. ते खूश झाले, आणि मग लगेच गंभीर झाले. मँडोलिन पांढऱ्या पंच्यावर उताणं ठेवून त्यांनी मला दाखवलं. "इथे बघ. लोक काय करतात, पट्ट्याचं एक टोक डोक्याला बांधतात, चाव्यांपाशी, तारांच्या खालून. चालतं. पण डावा हात अडकतो. आणि गाठ म्हणजे गाठ, सुटणारच. त्यापेक्षा मान जिथे पोटाला मिळते ना, तिथे जाड लाकूड आहे. तिथे एक पितळी बटण, स्क्रूवालं." मग त्यांनी वाद्य फिरवून बूड दाखवलं. तिथे एक लाकडी खुंटी होती, सुपारीएवढी. "हा सगळ्यात धोका. हा नुसता घुसवलेला आहे. स्क्रू नाही, काही नाही, लाकडाला लाकूड धरून बसलंय. बसून वाजवणाऱ्याला पुष्कळ. पण पट्टा लावला की सगळा वजन याच्यावर. हा काढायचा, भोक भरून घ्यायचं, आणि दुसरं बटण." पट्ट्याचं भोकही लहान हवं, म्हणाले, बटणावरून जोर लावून ओढावं लागेल असं. जो सहज बसतो तो सहज निघतो.

आणि त्यांनी भोक पाडायचं गिरमिट हातात घेतलं. तेव्हाच झालं असतं सगळं. पण मी म्हणाले, "अंकल, आमचे अण्णा फिटर आहेत. ते बसवतील." हे मी का म्हणाले? त्या स्वच्छ खोलीत मला एकदा तरी माझ्या बापाचा अभिमान वाटून घ्यायचा होता. अंकलनी गिरमिट खाली ठेवलं. "फिटर? मग मी कशाला हात लावू," म्हणाले, आणि दोन पितळी बटणं, दोन स्क्रू, चामड्याच्या दोन चकत्या आणि एक कातडी पट्टा कागदात बांधून दिला.

अण्णांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. वरून हातानं चाचपली आणि म्हणाले, "भोक पाडायचं? खंडेनवमीला पुजलंय ते. पुजलेल्या वाद्यात लोखंड घालायचं नाही." खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर सगळं मांडायचे, अण्णांचा पाना, आईची कात्री, माझं मँडोलिन, आणि झेंडूची फुलं वाहायचे, हे खरं. पण पान्यात काय चंदन होतं? मी म्हणाले, स्क्रू पितळेचे आहेत. मी म्हणाले, ज्यांचं वाद्य आहे त्यांनीच सांगितलंय. "त्यांच्यात चालत असेल," अण्णा म्हणाले, आणि आईला हाक मारली. "बघ गं, एखादा नाडा असेल."

नाडा होता. आईच्या जुन्या परकराचा, गुलाबी रंग उडून मांसासारखा झालेला, मधे मधे कडक. त्याचा वास मला आज, या वयात, शिरगावच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर बसून येतोय. अण्णांनी त्याचं एक टोक मँडोलिनच्या डोक्याला तारांखालून आवळलं. दुसरं खुंटीला गुंडाळायचं, तर खुंटी पुरती आत बसलेली, नाड्याला जागाच नाही. त्यांनी ती पकडीनं थोडी बाहेर ओढायला घेतली. ती हलेना, कुरकुरली. कुरकुरली म्हटल्यावर आमच्या घरात काय व्हायचं ते झालं. बाटली आली, बोट बुडालं, खुंटीला चारी बाजूंनी तेल लागलं. मग ती गोल फिरवत हवी तेवढी आतबाहेर करून त्यांनी नाड्याचे चार वेढे दिले आणि म्हणाले, "बघ, कशी लोण्यासारखी बसली." आयुष्यभर नट कसणारा माणूस. कुठली वस्तू फिरण्यासाठी असते आणि कुठली धरून ठेवण्यासाठी, एवढं त्याला कळू नये? मला तरी कुठे कळलं म्हणा. मला त्या नाड्याची किळस येत होती, तो लोकांसमोर गळ्यात घालायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेपुढे तेलाकडे माझं लक्षच गेलं नाही.

हळदीआधी एकदा शिकवणी झाली. मी मँडोलिन नेलं नाही. अंकलनी विचारलं, "बसवली बटणं वडिलांनी?" मी म्हणाले, "हो." "घट्ट?" "एकदम घट्ट." त्यांना आनंद झाला. पुडी माझ्या दप्तरात होती, न सोडलेली.

हळदीचं गाव भातखाचरांच्या कडेला होतं. ऊन असतानाच मिरवणूक निघाली. मांडवामागे मटण शिजत होतं, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि नवऱ्याचे काका-मामा आधीच झिंगलेले. हळद, तेल, घाम आणि दारू यांचा मिळून एक वास होतो, तो वैऱ्याच्याही नाकाशी येऊ नये. नाचताना एका बाप्यानं हळदीचा हात माझ्या बाहीला पुसला. हिरामणकाका पुढे उलटे चालत, दर चार पावलांवर थुंकत, मला हातानं इशारे करत होते, मोठ्यानं, मोठ्यानं. मी नव्या साडीत, गळ्यात परकराचा नाडा, वाजवत होते. आणि खरं सांगायचं तर मी चांगली वाजवत होते. बायका घरांच्या दारांत येऊन बघत होत्या. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पोरगी हाय गो, पोरगी." तेवढ्यापुरती मी सगळे वास विसरले.

गावदेवीच्या पायऱ्या चढताना मला बुडाशी काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. हात तारांवर होते. खुंटी आवाज न करता निघाली, नाडा खांद्यावरून सर्रकन गेला, आणि मँडोलिन पायरीवर आपटलं. तेवढ्यानं कदाचित काही झालं नसतं. पण माझ्या मागून नाचत येणाऱ्याचा पाय त्याच्या मानेवर पडला. डोकं मोडून बाजूला झालं, तारांना लोंबकळत राहिलं. त्या माणसानं खाली पाहिलं आणि पायानंच ते सरकवून कडेला केलं. क्लॅरिनेट थांबलं नाही. ढोलकी थांबली नाही. हिरामणकाकांनी वाकून ते उचललं, कांद्याचं पोतं ठेवलेल्या हातगाडीवर टाकलं आणि मला म्हणाले, "टाळ्या वाज गो. टाळ्या वाज, ठेक्यात."

मी टाळ्या वाजवल्या. देवीपर्यंत आणि परत मांडवापर्यंत, ठेक्यात. मग पंगत बसली. वडे आणि मटण. मी जेवले. रस्सा दोनदा घेतला. माणसांनी आयुष्यात माझ्याशी बऱ्याच ओंगळ गोष्टी केल्या, पण तो दुसऱ्यांदा घेतलेला रस्सा मला जितका आठवतो तितकं काही आठवत नाही.

घरी आणल्यावर अण्णांनी खुंटी उचलून उजेडात धरली. बोटं एकमेकांवर चोळली. त्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला माहीत आहे की कळलं. मग ते म्हणाले, "जुनं लाकूड. किडलेलं असणार आतून." थोड्या वेळानं सरस उकळला गेला, त्याचा मेल्या जनावरासारखा वास घरभर झाला, डोकं मानेला चिकटवलं गेलं, आणि वरून घट्ट, हो, नाडा बांधला गेला. सकाळी सोडला तर डोकं पुन्हा हातात. तेव्हा अण्णा म्हणाले, "असं कर, सांग, माळ्यावर ठेवलं होतं, मांजरानं पाडलं." आमच्याकडे मांजर नव्हतं. आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आपण काय मुद्दाम केलंय का?"

मी दोन तुकडे पिशवीत घालून उल्हासनगरला गेले आणि सांगितलं, मांजरानं पाडलं. अंकलनी हात धुतले, पुसले. तुकडे पंच्यावर ठेवले. मानेच्या मुळाशी बोट फिरवलं, तिथे भोक नव्हतं. खुंटी घेतली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. मग हात पुढे केला. "पुडी." मी दप्तरातून पुडी काढून दिली, गाठ त्यांचीच. त्यांनी ती सोडली, गिरमिट घेतलं, आणि त्या डोकं नसलेल्या मँडोलिनच्या मानेच्या मुळाशी लहान भोक पाडलं. स्क्रूला मेण लावलं, चामड्याची चकती घातली, बटण बसवलं. बुडाच्या भोकात लाकडाचा तुकडा सरस लावून ठोकला, तो सुकेपर्यंत आम्ही बसून राहिलो, बाहेरून नाल्याचा वास येत होता. मग तिथे दुसरं बटण. पट्टा जोर लावून दोन्हीकडे ओढला आणि ते माझ्या गळ्यात घातलं.

"उडी मार," म्हणाले.

मी मँडोलिन दोन्ही हातांनी धरलं.

"हात सोड. उडी मार."

मी उडी मारली. एकदा, मग त्यांनी बोटानं खुणावलं म्हणून पुन्हा, मग पुन्हा. एवढी घोडी, त्या स्वच्छ खोलीत, गळ्यात मोडकं वाद्य, तारा माझ्या पोटावर आपटत होत्या. बटणं हलली नाहीत. "देख. कितना टाइम लगा," ते म्हणाले. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"अंकल, मांजर नव्हतं," मी म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं, तेल, नाडा, पाय, सगळं. रस्सा सोडून.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "डोकं मी जोडतो. होईल. पूर्वीसारखा नाही वाजणार, पण वाजेल. तू शीक. फक्त एकदा वडिलांना घेऊन ये. फिटर आहेत ना. त्यांनी इथे यावं, मला सांगावं की तेल मी लावलं. बस, एवढंच. मला दुसरं काही नको."

मी अण्णांना तसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, रविवारी जाऊ. रविवारी म्हणाले, पुढच्या रविवारी. मग कंपनीत ओव्हरटाइम निघाला, मग त्यांची कंबर धरली, मग म्हणाले, "त्या माणसाला काय माझ्याकडून नाक घासून घ्यायचंय? फिटरला तेल शिकवतो." दुसरंच तर स्टेशन होतं. अंबरनाथला ते रोज उतरायचे, पुढचं स्टेशन उल्हासनगर. एकटी जायला मला तोंड नव्हतं. मी गेले नाही, आणि मग कधीच गेले नाही. परवा आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं गिटारचा पट्टा दाखवला, त्याला बटणावर फिरवून बसणारं कुलूप होतं. छान आहे, मी म्हणाले आणि आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

अण्णा पुढे पुष्कळ जगले. पाहुणे आले, गाण्याबजावण्याचा विषय निघाला की सांगायचे, "आमची सुलू मँडोलिन काय वाजवायची. पण मांजरानं घात केला." पाहुणे हळहळायचे. मी चहा देत असायची. अण्णा गेल्यावर तेराव्याला सगळे जमले होते, तेव्हा चुलत्यानं तीच गोष्ट काढली, अण्णा कसे रंगवून सांगायचे म्हणून. सगळे हसले, डोळे पुसले. कुणाच्या तरी सुनेनं मला विचारलं, "आत्या, कसलं होतं हो मांजर?"

"करडं," मी म्हणाले. "शेपटी अर्धी तुटलेली."